तक्रार करणाऱ्याची सही

सिल्वासा,
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय झुंबरदादा,

तुझ्या चौकशी खिडकीचा नमस्कार. आईला आणि वहिनीलाही सांग. आईचा गुडघा कसा आहे? आणि अंगणातल्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का?

पत्र बघून तुला हसू येईल. आलं तर बरंच. जानेवारीतल्या त्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या दाजींच्या नंबरवरून केला, तर माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणालास. बहिणीला राँग नंबर म्हणणारा भाऊ आख्ख्या सातकुंड्यात दुसरा नसेल. म्हणून पत्र. पाकीट फोडल्याशिवाय तुला राहवणार नाही, हे मला ठाऊक आहे. चौकशीची खोड काही एकट्या माझ्याच वाट्याला आलेली नाही. लहानपणी एसटी स्टँडवर मी दिसेल त्या कंडक्टरला "ही कुठं जाते, ती कधी येते" विचारायची आणि तू माझी वेणी ओढून म्हणायचास, "ही आमनी चौकशी खिडकी." पण माझी उत्तरं ऐकायला सगळ्यात पुढे तूच उभा असायचास.

आता बातमी. मी निवडणुकीला उभी राहिले आहे. इथल्या नगरपालिकेच्या, आमच्या वॉर्डातून, अपक्ष. निशाणी मिळाली बादली. चाळीतल्या बाया म्हणतात, "चंदाताई, पाणी तर आलं, आता बादलीपण आली!" मी पण हसून घेते. मतदान पुढच्या महिन्यात, पाच तारखेला, बुधवारी.

तू म्हणशील, हिला ही अवदसा कुठून आठवली? सांगते. तुला माहीत आहे, कारखान्यात माझं काम म्हणजे दिव्याखाली धाग्याचा एकेक कोन फिरवून बघायचा. डाग, तुटका धागा, ढिला पीळ, काय दिसेल ते टिपायचं. बारा वर्षं खोट शोधण्याचंच काम केलं, की घरी आल्यावर डोळे थोडेच मिटतात? आमच्या पिवळ्या चाळीत चार ओळी आहेत. पुढच्या दोन ओळींना सकाळी पाऊण तास नळाला पाणी, मागच्या दोन ओळींना थेंब नाही. सगळे म्हणायचे, वरूनच कमी सोडतात. मला ते पटेना. पाइप एकच, मग पुढं येतं आणि मागं येत नाही, ते का? आठ दिवस वही घेऊन फिरले. कोणाच्या नळाला किती वाजता, धार केवढी, सगळं लिहिलं. तेव्हा लक्षात आलं की तिसऱ्या ओळीच्या तोंडाशीच काहीतरी अडतंय. तिथं पाण्याची चावी असणार आणि ती जवळजवळ बंद असणार. पण रस्ता मध्ये दोनदा नव्याने झालेला, चावी गेली पोटात. ती कुठं आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

विचारत विचारत कळलं, की पूर्वी इथं पाणी सोडायला काळूकाका म्हणून होते, ते आता खानवेलला असतात. रविवारची बस धरली आणि गेले. काका बांधावर बसले होते. मी चावीचं विचारलं. म्हणाले, "एवढ्या वर्षांत कोणी विचारायला आलं नाय." मग डोळे मिटून सांगितलं, कोपऱ्यावरच्या कडुलिंबापासून सात पावलं, उगवतीच्या अंगाला. आणि दादा, सात पावलांवर काय असावं? वडापावची गाडी! ती हलवली, नगरपालिकेच्या माणसांना बोलावून खणून घेतलं, हातभर खाली लोखंडी झाकण. झाकणाखाली चावी. खरं सांगू, ते झाकण दिसलं तेव्हा मी तिथंच रडले. वडापाववाला घाबरला, त्याला वाटलं मला लागलं.

त्यानंतर चिठ्ठ्या सुरू झाल्या. ही कल्पना तुझ्या दाजींची. समाधान कारखान्यात फिटर, त्यांच्याकडे मशीन बंद पडलं की ऑपरेटर चिठ्ठी लिहितो, काय बिघडलं ते. फिटर जाऊन दुरुस्ती करतो आणि खाली लिहितो, दोष कुठे आढळला, काय केलं. पण चिठ्ठी बंद करायचा हक्क फिटरला नाही, त्याच्या साहेबालाही नाही. ज्याने तक्रार लिहिली, त्याचीच सही लागते. ती झाली नाही तर चिठ्ठी उघडी, मग मशीन चालू असो वा नसो. मी तेच चाळीत आणलं. गटार, खांबावरचा दिवा, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, ज्याची तक्रार त्याची सही. सदतीस चिठ्ठ्या झाल्या, छत्तीस बंद. प्रचारात माझ्याकडे पत्रक नाही की गाणं नाही, हे पुडकं आहे. दारोदार जाते आणि दाखवते.

हे सगळं तुला सांगायचं, कारण निवडणूक कशी असते हे घरात तुलाच माहीत. जानेवारीत ग्रामपंचायतीला नऊ मतांनी पडलास तू. इथं राहणाऱ्या आम्हा गावच्या अकरा जणांना मतदानाला न्यायला तू थेट सिल्वाशापर्यंत क्रूझर पाठवलीस आणि शाळेत जाऊन बघतो तर यादीत एकाचंही नाव नाही. नावं कशी गेली कोण जाणे. गजानन मास्तरांकडे यादीचं काम, त्यांच्या हातून काही झालं असेल तर तेच जाणोत.

उत्तर पाठव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, अक्षर तर दिसेल.

तुझी,
चंदा


सिल्वासा,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. ते येणार नाही असं तुझे दाजी म्हणाले होते, तरी मी रोज पोस्टमनला विचारत होते. आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.

काल भाऊबीज झाली. संध्याकाळी ताट घेऊन गच्चीत गेले आणि चंद्राला ओवाळलं. यंदाची कोर इतकी बारीक होती की आधी सापडेचना. समाधान म्हणाले, "तिकडे, टाकीच्या डावीकडे." शेजारची एक बाई बिहारची, तिला हे ठाऊक नव्हतं. विचारत होती, "दीदी, भाई नहीं है क्या?" मी म्हटलं, आहे, चांगला दणकट आहे, फक्त लांब आहे.

दुपारी वहिनीचा फोन आला होता, तुझ्या चोरून. तिला रागावू नकोस. तिच्याकडून कळलं की मास्तरांवर तू लेखी तक्रार केली आहेस. आमच्या अकरा जणांच्या खोट्या सह्या करून मास्तरांनीच नावं हलवायचे अर्ज दिले आणि हे त्यांनी चिंधाच्या सांगण्यावरून केलं, असं तू लिहून दिलंस म्हणे. चिंधा निवडून आला, त्यामुळे गावालाही ते खरंच वाटतं. तहसीलला दहा नोव्हेंबरला चौकशी आहे. वहिनी म्हणाली, मास्तर हल्ली पारावर येत नाहीत. शाळा सुटली की थेट घरी. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसंसुद्धा त्यांना वळून नमस्कार करत नाहीत.

दादा, तक्रार मागे घेता येते का रे? सहज विचारते.

इथलं सांगते. प्रचार जोरात आहे. काल एका सोसायटीत गेले, तिथं पुण्या-नाशकाकडचे इंजिनियर, मॅनेजर लोक राहतात. एका बाईंनी दार उघडलं, नेहाताई. चिठ्ठ्या नीट वाचल्या, मग विचारलं, "तुमच्या चिठ्ठीवर तुमची सही कुठेच नाही?" मी म्हटलं, ताई, माझी लागतच नाही. त्या म्हणाल्या, "मग तुमची चूक झाली तर ती कोण लिहिणार?" मी हसून वेळ मारून नेली. पण उतरताना जिना संपेपर्यंत तेच डोक्यात होतं.

उघडी राहिलेली सदतिसावी चिठ्ठी सरुबाईची आहे. सरुबाई मूळची दुधनीची, शेवटच्या ओळीत आमच्या पलीकडच्याच खोलीत राहते. चावी उघडल्यापासून मागच्या दोन्ही ओळींना पाणी आलं, तिला मात्र नाही. नळ सोडला की नुसती फुसफुस. मी पाइप तपासला, तोटी बदलली, जोड उकरून बघितला. प्रचाराच्या गडबडीत परवा तिला म्हटलं, मावशी, आता सगळ्या चाळीला पाणी आहे, तेवढी सही करून टाक, सदतीसपैकी सदतीस झाल्या असं सांगता येईल. तिने हातातलं पेन परत दिलं. म्हणाली, "माझ्या हंड्यात पाणी नाय. सही कशाची देऊ?" माझाच नियम, मलाच ऐकवला.

दाजी म्हणाले, "अर्ध्या कामावर सही मागायला गेलीसच कशी?"

अजून एक लिहायचं होतं. मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही सगळ्यांनी इथल्या मतदार यादीत नाव लागावं म्हणून एक कागद भरला होता. चाळीतल्या बहुतेकांचं नाव गावाकडच्या यादीत असतं, इथलं कोणी बघत नाही, म्हणून भरला. तिथलं तसंच राहतं असं इथं सगळे धरून चालतात. आता वाटतं, त्याचा आपल्या यादीशी काही संबंध लागत असेल का? तुला काय वाटतं? मास्तरांना एकदा विचारून बघ ना, शांतपणे.

आईला म्हणावं, गुडघ्याला तीळतेल चोळ. वहिनीला रागावू नकोस, हे पुन्हा लिहिते.

तुझी,
चंदा


सिल्वासा,
सोमवार, ३ नोव्हेंबर

दादा,

परवा मतदान. आज लिहायला वेळ नाही असं दाजी म्हणाले. मी म्हटलं, आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही. पत्र आजच्या आज स्पीड पोस्टाने टाकणार आहे.

आधी सरुबाईचं सांगते, कारण बाकीचं त्यातूनच निघालं. शुक्रवारी सकाळी पाण्याच्या वेळेला मी तिच्या दारात ठाण मांडून बसले. आज कारण सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून. पाणी आलं, तिच्या नळाने फुसफुस केली. शेजारच्या खोल्यांतून बादल्या भरल्याचे आवाज येत होते. मी कान देऊन ऐकत होते. आणि सगळ्या आवाजांखाली एक बारीक घरघर ऐकू आली. मी म्हटलं, मावशी, हे काय वाजतंय? तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुझ्याकडंच वाजतं ते. रोज वाजतं."

आमच्या मोरीत एक छोटी मोटर आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी दाजींनी नळाला बसवली होती, मोरीच्या दिव्याच्या बटणावरच जोडलेली. तेव्हा पाणी यायचंच नाही, म्हणून जे मिळेल ते ओढायला. चावी उघडल्यावर तिची गरजही नव्हती, पण सकाळी दिवा लावला की ती आपोआप चालू. आम्ही विसरूनच गेलो होतो. आमचा नळ सरुबाईच्या अलीकडचा. तिच्या वाट्याचं पाणी महिनोन्‌महिने आमच्या पिंपात पडत होतं, आणि मी तिची तोटी बदलत बसले होते. एकोणचाळीस दारांत वही घेऊन गेले, दादा. फक्त माझ्या दारात गेले नाही.

मी तिला विचारलं, मावशी, तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तू सगळ्यांना विचारत होतीस. मला वाटलं, घरी पण विचारशील."

दाजींनी तिथल्या तिथं मोटर काढली, चाळीच्या देखत, आणि चिठ्ठीवर "दोष कुठे आढळला" च्या पुढे आमच्याच खोलीचा नंबर लिहिला. सरुबाईने दुसऱ्या दिवशी पाणी भरून घेतलं, मग सही केली. आधी नाही.

चिठ्ठी हातात घेऊन मी मोरीत बसले होते. नेहाताईंचं वाक्य आठवत होतं आणि मास्तर आठवत होते. आता लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मागच्या पत्रात मी लिहिलं, तिथलं नाव तसंच राहतं असं सगळे धरून चालतात. ते खरं आहे. सगळे धरून चालत होते. मी नव्हते. मला ठाऊक होतं. मी विचारलं होतं. अर्ज भरायला गेले तेव्हा खिडकीवर एक गुजराती बाई होत्या, त्यांना मी सवयीप्रमाणे विचारलं, गावच्या नावाचं काय होतं? त्या म्हणाल्या, "बेन, त्यांनुं नाम कपाई जशे." तिथलं नाव कापलं जाणार, याची मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांनी मला विचारलं, "बधाने खबर छे ने?" मी म्हटलं, हो, सगळ्यांना सांगितलंय. कोणालाही सांगितलं नव्हतं. तुझ्या दाजींनाही नाही. सांगितलं असतं तर एकानेही सही केली नसती. गावच्या यादीतून नाव काढणं म्हणजे घराला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकणं, असं आपल्या लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं.

मग का केलं? त्याच्या आदल्या महिन्यात मी पाण्याची तक्रार घेऊन नगरपालिकेच्या तेव्हाच्या मेंबरकडे गेले होते. त्यांनी कागद वाचलाही नाही. विचारलं, "तमारी चालमां वोट केटला?" मी मोजून आले. दोनशे माणसं राहतात, मतं चौदा. ते हसले आणि त्यांनी कागद परत दिला. दादा, माणूस असून मोजण्यात नसणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. घरी येताना ठरवलं, ही चाळ मोजायला लावायची. सुरुवात आपल्या गावच्या अकरा जणांपासून केली, कारण ते माझा शब्द मानतात.

तुझी निवडणूक लागली तेव्हा तो अर्ज आठवला. पण मनाला समजावलं, सरकारी काम आहे, अजून नावं कापली नसतील. त्या भरवशावर तुझ्या क्रूझरमध्ये बसले. वहिनीने ड्रायव्हरजवळ कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पाठवला होता, तो मी वाटला. वाटता वाटता सगळ्यांना सांगितलं की इथल्या अर्जाबद्दल तिकडे तोंड उघडू नका, दोन ठिकाणी नाव असणं गुन्हा आहे. म्हणून कोणी बोललं नाही. त्यांच्यावर राग धरू नकोस.

आणि शाळेतलं. मास्तरांचं बोट यादीवरून खाली जाताना मी बघत होते. एक एक करून अकरा नावं शोधली त्यांनी, दोनदा शोधली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "चंदा, तुम्ही तिकडे काही अर्ज केला होता का ग?" तू शेजारीच उभा होतास. मी म्हटलं, "नाही मास्तर." माझं वाक्य संपायच्या आत तू त्यांची कॉलर धरलीस. "तुमी इकाई गयात मास्तर," विकले गेलात, असं ओरडलास सगळ्या गावासमोर. त्यांनी तुझा हात काढला नाही. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं होतं, असं मला वाटतं. तरी दहा महिन्यांत त्यांनी माझं नाव कोणाकडे घेतलं नाही. का घेतलं नसेल, हे मला अजून समजत नाही. भेटल्यावर विचारीन, त्यांनी बोलू दिलं तर.

तुझी नऊ मतं मी घेतली, दादा. चिंधाने नाही, मास्तरांनी नाही. तू पाच वर्षं त्या पाणंद रस्त्याच्या मागे फिरलास, आणि बहिणीने मधल्या मधे पाय ओढला. तुझ्यापुढे उभी राहून हे सांगायची छाती झाली नाही, म्हणून तुझा अबोला मला सोयीचा वाटला, हेही लिहून टाकते.

काल सकाळी नळापाशी आपल्या गावच्या लोकांना बोलावलं आणि हेच सगळं सांगितलं. दाजी आधी ऐकून होते, शनिवारीच सांगितलं त्यांना. ते नळापाशी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. अकरा जणांतला ओंकार सगळ्यात जास्त चिडला. म्हणाला, "ताई, मनी माय इचारते, तुनं नाव गावमधून कसं गयं? मी तिले काय सांगू?" मग म्हणाला, "आणि आते तुले मत कसाले देऊ?" मी म्हटलं, देऊ नकोस. पण देशील त्याला आधी मागच्या ओळीचं गटार विचार. तो पाय आपटत निघून गेला. संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारावरचं माझं बादलीचं चित्र काढलेलं दिसलं. बाकीच्यांची अजून आहेत. ती ठेवायची म्हणून ठेवलीत की काढायला वेळ झाला नाही, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दारापाशी जाऊन न विचारता परत आले. बुधवारी काय होईल ते मला खरंच माहीत नाही, आणि जाणून घ्यायची उत्सुकता एवढी आहे की काल भात दोनदा करपला.

निकाल काहीही लागो, दहा तारखेला मी तहसीलला येते. नऊला संध्याकाळच्या गाडीने निघेन. अर्ज मीच दिले, सह्या खऱ्या आहेत, असं साहेबांपुढे सांगेन. त्याचा एक कागद लिहून, सही करून, याच पाकिटात ठेवला आहे. तो तू आधी मास्तरांना दाखव. माझ्या हातून नको, तुझ्या हातून. कॉलर तू धरली होतीस.

सोबत एक चिठ्ठीही आहे. कोऱ्या पुडक्यातली काढून भरली आहे, मागच्या सदतिसांसारखीच. तक्रार: सातकुंड्याच्या यादीतून अकरा नावं गेली. तक्रार करणारा: झुंबर. दोष कुठे आढळला: चंदाच्या घरी. काय केलं, ही ओळ मी रिकामी सोडली आहे. मास्तर पारावर परत येऊन बसतील तेव्हा ती भरायची. खाली तुझ्या सहीची जागा आहे. घाई करू नकोस. माझ्यावर दया येऊन करू नकोस, आई म्हणते म्हणून करू नकोस. हंड्यात पाणी आलं असं तुला वाटेल तेव्हाच कर. तोवर चिठ्ठी उघडी राहू दे, मी ती उघडीच सांभाळीन.

तू विचारलं असतंस तर खरं सांगितलं असतं, असं मी दहा महिने स्वतःला सांगत होते. मास्तरांनी विचारलं होतं, दादा.

उत्तर ठाऊक असूनही गप्प बसलेली,
तुझी चौकशी खिडकी,
चंदा